गोष्टीला हुंकार

शनिवार, ९ सप्टेंबर

आरंभीच क्षमा मागते. दैनंदिनीत लिहून ठेवावे असे माझ्या आयुष्यात काही घडत नाही. मी विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांची नोंद करते, घरी येते, स्वयंपाक करते. आमच्या घराण्यात ज्या बायकांनी खरोखर लिहायला हवे होते त्यांना सवड मिळाली नाही. मला सवड आहे, एवढ्या एकाच अधिकारावर मी लिहायला बसावे, हे मलाच धाडसाचे वाटते. परंतु मला जे म्हणायचे असते ते तोंडाने वेळेवर म्हणता येत नाही. ते परतीच्या वाटेवर गाडीत सुचते, आणि तेव्हा ऐकायला समोर फक्त सिग्नल असतो.

जुलैमध्ये आम्ही ऑरेंज माउंड ही आमची काळ्या लोकांची जुनी वस्ती सोडून मेम्फिसच्या पूर्व टोकाला राहायला आलो. माझ्या नवऱ्याला, लव्हेलला, विमानतळावरच्या पार्सलखात्यात बढती मिळाली आणि आमच्या मुलाला, गिडियनला, पाच पूर्ण झाली. इथली शाळा चांगली आहे. आलो ते तिच्यासाठीच. रस्ते रुंद आहेत. शेजारी हात हलवतात आणि आत जातात. लव्हेल म्हणतो, "इथलं गवतसुद्धा परवानगी काढून वाढतं."

आतापर्यंत गिडियन दिवसभर माझ्या आईकडे असे आणि रविवारी तिच्यासोबत चर्चमध्ये. सामान हलवायच्या दिवशी आईने खोक्यांना हातसुद्धा लावला नाही. पायरीवर बसून म्हणाली, "शाळा चांगली असेल गं जॉस, मी कुठं नाही म्हणते? पण तिथं माझ्या लेकराला ओळखणारं कोण आहे?"

मी म्हणाले, "ओळख होईल की."

"माझी, या वर्डेलची मुलगी आणि लाजाळूचं झाड! तू कुणाशी ओळख करणार आहेस?"

नातू लांब गेल्याचे तिला वाईट वाटते आहे, एवढाच अर्थ मी त्यातून घेतला.

गुरुवार, १४ सप्टेंबर

गिडियनच्या वर्गशिक्षिकेचा, मिस हॅलोवे यांचा, कामावर दूरध्वनी आला. फार प्रेमळ बाई आहेत. आधी बराच वेळ त्याच्या हुशारीचे कौतुक केले. मग म्हणाल्या, "गोष्ट वाचताना तो मध्येमध्ये बोलतो. काल अस्वलाची गोष्ट चालू होती. अस्वल वाट चुकलं म्हटल्याबरोबर हा मोठ्याने ओरडला, 'अरेरे! मग?' दोन पानांनी, 'सांगा, सांगा!' त्याचं पाहून बाकीची मुलंही ओरडायला लागली. मला पुस्तक बंद करावं लागलं."

मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "छे छे, तुमचा काय दोष?" तेव्हा मी पुन्हा मागितली.

संध्याकाळी भाजी निवडताना गिडियनला विचारले, "बाई वाचतात तेव्हा तू का बोलतोस?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी जेवताना का चावतोस असे विचारले होते. "बाई एकट्याच वाचत होत्या गं. कुणी काहीच म्हणत नव्हतं. सगळे असे बसले होते." आणि त्याने डोळे वटारून, तोंड मिटून, लाकडाच्या ओंडक्यासारखे बसून दाखवले.

मी सांगितले की चांगली मुले गोष्ट गप्प राहून ऐकतात. त्याला पटले नाही. मला वाटते, सवय लागायला थोडे दिवस जातील.

रविवार, १७ सप्टेंबर

आईच्या चर्चला या रविवारीही जाणे झाले नाही. लव्हेल रात्रपाळी करून झोपला होता, आणि खरे सांगायचे तर मलाही ते लांबचे अंतर नको झाले. आईचा फोन आला. "माझ्या शेजारची जागा रिकामी होती. पास्टर विचारत होते, तुमचा छोटा डीकन कुठं आहे?" डीकन म्हणजे पास्टरच्या हाताखालचा चर्चचा सेवक; गिडियनला तिथे सगळे गमतीने तसे म्हणतात. मी विषय बदलला.

मंगळवार, २६ सप्टेंबर

आज शाळेत बोलावले होते. मिस हॅलोवे आणि समुपदेशक श्री. प्रिचेट समोर, मी मुलांच्या बुटक्या खुर्चीवर. मिस हॅलोवेंचे डोळे लाल होते.

काल गोष्ट वाचताना त्या एका लांबलचक नावावर अडखळल्या. गिडियन म्हणाला, "सावकाश घ्या, सावकाश." त्या पुन्हा अडखळल्या. तेव्हा त्याने एक हात वर उचलला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे म्हटले, "देवा, सावर रे बाईंना!"

मुले हसली. वर्ग हातचा गेला.

"एवढंसं मूल," त्या म्हणाल्या, "आणि इतका उपरोध? मला रात्री झोप आली नाही. तो हे शिकला तरी कुठं?"

तो हे कुठे शिकला, ते मला पहिल्या शब्दालाच कळले होते. आईच्या चर्चमध्ये एखादा नवखा उपदेशक व्यासपीठावर गडबडला, त्याच्या कपाळावर घाम दिसू लागला, की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायका नेमके हेच म्हणतात. त्यात टोमणा अजिबात नसतो. बुडणाऱ्याकडे दोर टाकावा तसे ते असते. दोर पकडून कितीतरी पोरसवदा उपदेशक काठाला लागलेले मी पाहिले आहेत. हे सगळे माझ्या जिभेच्या टोकाशी होते. परंतु ते सांगायचे म्हणजे त्या खोलीत आईचे चर्च आणायचे, तिची पिसांची टोपी आणायची, घामाने भिजलेला पास्टर आणायचा. ते दोघे कसे हसतील याचा विचार माझ्या मनात आला. हसले नसतेही. मी म्हणाले, "पुन्हा असं होणार नाही."

श्री. प्रिचेट म्हणाले की त्यांना दंडाच्या भाषेत बोलायचे नाही. परंतु असेच चालू राहिले तर पलीकडच्या इमारतीत एक लहान वर्ग आहे, वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांचा. गिडियनला तिथे "अधिक आधार" मिळेल. तिथून मुले परत कधी येतात, असे मी विचारले. "ते प्रत्येक मुलावर अवलंबून असतं," ते म्हणाले.

निघताना दारात टकर नावाच्या मुलाने दुसऱ्याच्या पाठीत दप्तर हाणले. मिस हॅलोवे हसून म्हणाल्या, "हा आमचा वादळवारा. उद्या मोठा पुढारी होणार बघा." मनमोकळ्या आहेत. वर्गात गिडियनखेरीज आणखी एकच काळे मूल आहे, एक मुलगी. ती कधीच बोलत नाही. फार गुणी आहे, असे त्यांनी मला मुद्दाम सांगितले.

घरी लव्हेल आधी पोट धरून हसला. "देवा, सावर रे बाईंना! अरे, हा तर जन्मतः डीकन आहे!" मग मी पलीकडच्या इमारतीचे सांगितले. तो हसायचा थांबला.

"आणि तू काय म्हणालीस?"

"पुन्हा होणार नाही म्हणाले."

"एवढंच?"

"काय म्हणायला हवं होतं?"

"प्रोफेसरीणबाई, घरात इतकी पुस्तकं आहेत, त्यातलं एक वाक्य तरी उसनं घ्यायचं होतंस!"

तो खाली गाडी धूत बसला. ती कालच धुतली होती.

सोमवार, २ ऑक्टोबर

मी पद्धतशीरपणे कामाला लागले आहे. रोज संध्याकाळी त्याला गोष्ट वाचून दाखवते. त्याने बोट ओठांवर ठेवायचे आणि संपेपर्यंत काढायचे नाही. साधले तर एक पीचची फोड.

पहिल्या दिवशी तो तिसऱ्या ओळीलाच फुटला: "मग कोल्हा काय म्हणाला?" दुसऱ्या दिवशी त्याने बोट इतके दाबून धरले की ओठावर नखाची खूण उमटली. मी सांगितले, हळू धर. मी स्वतः हे कुणी न शिकवता शिकले होते. हुशार मुलांच्या वर्गात मी एकटीच काळी मुलगी, आणि प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा: शांत, समंजस, हिचा कुणाला त्रास नाही. आई तो शेरा वाचून पुस्तक माझ्याकडे परत देई आणि विचारी, "गुण ठीक आहेत. पण तू तिथं असतेस ना?" तिला या गोष्टी समजत नाहीत, असे मला वाटे.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

सुवार्ता. मिस हॅलोवे यांनी कळवले की गिडियनमध्ये आश्चर्यकारक सुधारणा आहे. संपूर्ण आठवडा गोष्टीच्या वेळी एक शब्द नाही. मी कामावर सगळ्यांना केक नेला. कशाबद्दल ते सांगितले नाही.

मुलगा मोठाही होतो आहे. आंघोळ करताना गायचा, ते हल्ली बंद झाले आहे. जेवताना काय हवे ते बोटाने दाखवतो. घर किती निवांत झाले आहे! काल मी लागोपाठ दोन प्रकरणे वाचली.

रविवार, १५ ऑक्टोबर

आज आईच्या चर्चमध्ये स्वागतसेविकांचा वार्षिक दिवस होता. तिथे न जाणे शक्यच नव्हते. आई पांढऱ्या गणवेशात, पांढरे हातमोजे घालून. गिडियनला शेजारी बसवून तिने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "आज नवा पोरगा बोलणार आहे. तुझं काम आहे हं, राजा."

नवा पोरगा मिसिसिपीहून आलेला, मानेवर कॉलर सैल. पाचव्या मिनिटाला त्याचा धागा तुटला. तो कागद उलटेपालटे करू लागला. "घ्या, सावकाश घ्या," कुणी म्हणाले. "आम्ही कुठं जात नाही!" मागून एक दादा ओरडला आणि सगळे हसले, तो पोरगाही हसला. आईने गिडियनकडे पाहिले. ही त्याची जागा होती. "देवा, सावर रे" हे त्यानेच म्हणायचे, असा त्या बाकावरचा रिवाज होऊन गेला होता.

गिडियनने ओठांवर बोट ठेवले. प्रवचन संपेपर्यंत तो तसाच बसला. त्याने समोर पाहिले, चांगले पाहिले, आणि बोट हलवले नाही. अखेर आईने एकटीनेच म्हटले, "देवा, सावर रे लेकराला." तिने ते व्यासपीठाकडे पाहून म्हटले नाही.

नंतर चर्चच्या तळघरात तळलेला मासा आणि कोबी पानांत वाढत असताना तिने मला भांड्यांच्या कोपऱ्यात ओढले.

"काय केलंस गं त्याचं?"

"काही नाही. शिस्त लावली."

"शिस्त? पोराच्या तोंडाला टाके घातलेत तू!"

"आई, ते त्याला दुसऱ्या वर्गात टाकणार होते. तिथून मुलं परत येत नाहीत. तुला कळतं का?"

"मला? मला नाही कळत?" तिने हातमोजे काढून कमरेला खोचले. "अगं, मी लोकांच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर तोंड मिटून राहिले. बाई बोलायच्या, साहेब बोलायचे, मी भिंत. आणि रविवारी इथं यायचे तेव्हा माझा आवाज मला परत मिळायचा. बोलणाऱ्याला एकटं टाकायचं नाही, एवढी एक गोष्ट शिकवली मी त्याला. एवढी एकच. आणि तू ती गुन्हा म्हणून काढून घेतलीस."

"तुझ्या चर्चच्या रीती त्या शाळेत चालत नाहीत!"

"मग त्यांना सांगितलंस का, की ही रीत आहे?"

मी भांडी विसळू लागले.

"सांगितलंस का, जॉस?"

मागे एक मावशी म्हणाल्या, "वर्डेल, मासा गार होतोय गं." आईने त्यांना उत्तर दिले नाही. आई कुणाला उत्तर देत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

येताना गाडीत मला तिचा फार राग आला. तिच्यासाठी सोपे आहे. तिला त्या बुटक्या खुर्चीवर बसावे लागत नाही.

बुधवार, २५ ऑक्टोबर

पुन्हा तीच खोली. मला वाटले, प्रगतीबद्दल बोलावले आहे. मी नीट कपडे घालून गेले.

मिस हॅलोवे म्हणाल्या, "आम्हाला काळजी वाटते. तो उत्तर देत नाही. हजेरीला नुसता हात वर करतो. मी समोर उभी राहून प्रश्न विचारला तरी ओठांवर बोट ठेवतो आणि माझ्याकडे बघत राहतो. एकटक. खरं सांगू? मला ते थोडं... अस्वस्थ करतं."

श्री. प्रिचेट यांनी त्याला नाव दिले: हेतुपुरस्सर असहकार.

मी म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होतात की त्याने बोलू नये."

"गोष्टीच्या वेळी," मिस हॅलोवे मृदूपणे म्हणाल्या. "प्रत्येक वेळी नाही. हा फरक बाकीच्या मुलांना समजतो."

पलीकडच्या इमारतीत जागा झाली आहे. सोमवार, ६ नोव्हेंबरपासून. माझी लेखी संमती त्यांना शुक्रवारी, ३ तारखेला शाळा भरण्यापूर्वी हवी. संमती दिली नाही तर काय, असे मी विचारले. तर ते "पुढच्या पायऱ्या" पाहतील. त्या पायऱ्या वर जातात की खाली, हे त्यांनी सांगितले नाही.

बोलला तर उद्धट, गप्प राहिला तर हट्टी. या दोहोंच्या मधली जागा कुठे आहे, हे मला कुणी दाखवावे. मी त्याला घेऊन तिथे जाऊन राहीन. मी आयुष्यभर त्याच जागेत राहते आहे, असा माझा समज होता.

रविवार, २९ ऑक्टोबर

आई आली. बसने, दोनदा बस बदलून, भाजलेल्या गोड पीच कॉबलरचे भांडे मांडीवर धरून. आमचे पंधरा दिवसांचे भांडण मिटले असे कुणी म्हटले नाही. तिने भांडे ठेवले आणि मी चमचे काढले.

लव्हेलला वकील हवा होता. आईला थेट शाळेत जाऊन मिस हॅलोवेंना चार गोष्टी सुनवायच्या होत्या. "आई, तुम्ही गेलात तर ते पोलीस बोलावतील," लव्हेल म्हणाला.

"बोलावू देत, जावईबापू! निम्म्या पोलिसांना मी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलंय."

तो हसला, आणि मग हसू ओसरल्यावर टेबलाकडे पाहत बोलला. "मी पण गप्पच असायचो, जॉस. लहान होतो तोवर सगळ्यांना आवडायचं. किती गुणी मुलगा! मग एका उन्हाळ्यात उंची वाढली. मी तोच, तसाच गप्प. आणि लिफ्टमध्ये बायका पर्स घट्ट धरायला लागल्या. गप्प काळ्या पोराची त्यांना बोलणाऱ्यापेक्षा जास्त भीती वाटते. तो काय विचार करतोय ते कळत नाही ना."

आमच्या लग्नाला सात वर्षे झाली. हे त्याने मला कधी सांगितले नव्हते. मी कधी विचारलेही नव्हते.

गिडियन टेबलाखाली गाड्या खेळत होता. गाड्यांचा आवाज तो तोंडाने काढत नव्हता.

गुरुवार, २ नोव्हेंबर

तीन दिवस खपून पत्र लिहिले. कामावरून संदर्भ गोळा केले: मुलांची भाषा, समूहातील श्रवणाच्या परंपरा, जिल्हा शिक्षण मंडळाचे नियम. तळटीपा आहेत. संध्याकाळी आईला फोनवर वाचून दाखवले. एरवी ती दुकानदाराशी बोलतानासुद्धा समोरच्याच्या वाक्यावाक्याला "हो ना," "बघ की," "खरंय बाबा" करते. आज फोनमध्ये नुसती खरखर. मी दोनदा विचारले, "ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

पूर्ण झाल्यावर म्हणाली, "अगं, यात तू कुठं आहेस?"

"हे सगळं मीच लिहिलंय."

"तळटीपा लिहिल्यास तू. त्या बाईला एवढंच सांग की काय झालं आणि तू काय करणार आहेस. देव पण एवढं लांब ऐकून घेत नाही, पोरी. पास्टरला विचार."

मी चिडून फोन ठेवला. तीन दिवसांची मेहनत! नंतर पत्र पुन्हा वाचले. चार पाने भरून सर्व काही होते, फक्त संमती द्यायची नाही हे वाक्य नव्हते. मी ते लिहायला विसरले होते की टाळले होते, हे मला खरोखर सांगता येत नाही.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

लव्हेल पाळीवरून आला आणि बूट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला. गिडियन ग्रिट्स, मक्याची लापशी, खात होता. मी चार पाने बाजूला ठेवली आणि नवे लिहिले:

"मिस हॅलोवे, गिडियनला दुसऱ्या वर्गात पाठवायला माझी संमती नाही. आमच्याकडे बोलणाऱ्याला एकटे टाकत नाहीत. तुम्ही अडखळलात तेव्हा तो तुम्हाला हात देत होता, आणि हे मला त्याच दिवशी ठाऊक असून मी तुम्हाला सांगितले नाही. त्याला गप्प मी केले. सोमवारी गोष्टीच्या वेळी मी त्याच्या शेजारी येऊन बसणार आहे. तुम्ही वाचा. तो बोलला नाही तर मी बोलेन. जोसलिन."

लिहिताना ठीक वाटले. मग शेवटची ओळ पुन्हा वाचली. मी मोठ्या माणसांनी भरलेल्या खोलीत बोलू शकत नाही; लहान मुलांनी भरलेल्या खोलीत, त्या बाईंच्या डोळ्यांदेखत, "सांगा, सांगा" कशी म्हणणार आहे? लव्हेल म्हणाला, "ती ओळ खोडू नकोस हं." मी खोडली नाही. निदान अजून तरी.

मी ते गिडियनला वाचून दाखवले, कारण ते त्याच्याविषयी होते. त्याने चमचा खाली ठेवला आणि बोट ओठांवर नेले. मी वाचून थांबले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग बापाकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि बोटाआडून, जेमतेम ऐकू येईल असे विचारले, "आई, आता बोलू का?"

मी म्हणाले, "बोल."

मी वाट पाहिली. लव्हेलने वाट पाहिली. गिडियनने बोट काढले, बराच वेळ विचार केला, आणि काही न बोलता पुन्हा ग्रिट्स खाऊ लागला.

पत्र पाठवले, शेवटच्या ओळीसह: शुक्रवार, ३ नोव्हेंबर २०२३, सकाळी सात वाजून बारा मिनिटे.